चौदा नंबरची ओळ

दर मंगळवारी सकाळी नऊला अण्णा टेस्ट गॅसची बाटली खांद्याला अडकवून टर्मिनलच्या फेरीला निघायचा. बाटली थर्मासएवढी, तिला हातभर नळी आणि नळीच्या टोकाला रबरी कप. जहाजातून इथे उतरणारा गॅस उणे एकशे बासष्ट अंशांवर पाण्यासारखा पातळ असतो आणि त्याला कसलाही वास नसतो. तो गळायला लागला तर माणसाला पत्ता लागत नाही. म्हणून टर्मिनलभर छत्तीस ठिकाणी गॅस ओळखणारी यंत्रं बसवलेली होती. कामगार त्यांना नाकंच म्हणायचे. या छत्तीस नाकांना सर्दी झालेली नाही ना, ते बघणं हे अण्णाचं काम.

एकेका नाकावर कप लावायचा, जरासा गॅस सोडायचा आणि कंट्रोल रूममध्ये त्या नंबरचा दिवा लागला का ते वॉकीटॉकीवर विचारायचं. एकोणीस वर्षं याचं उत्तर अण्णाची बायको देत होती. पॅनेल तिच्याकडे होतं.

"सहा."

"लागला."

"काढतो."

"विझला."

की पुढचा नंबर. बोलण्याआधी ती हातातलं पेन माइकवर दोनदा आपटायची. टकटक. मग बोलायची. ही तिची जुनी सवय. अण्णा आणि वहिनी घरीसुद्धा असंच चार शब्दांत बोलतात, अशी कामगार थट्टा करायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

फेरी संपली की रजिस्टर. प्रत्येक नाकाची एक ओळ, ओळीत दोन रकाने. डावीकडे जागेवर जाऊन तपासणाऱ्याची सही, उजवीकडे पॅनेलवर दिवा पाहणाऱ्याची. दिवा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती सही करायची नाही, मग समोर कुणी का उभा असेना.

घरी मात्र सगळा उलटा कारभार. बँकेचे, विजेचे, विम्याचे फॉर्म तीच भरायची आणि अण्णाची सहीही तीच ठोकून द्यायची. "तुम्हाला कंटाळा, मला हौस," म्हणायची. तिने केलेली सही अण्णाच्या सहीपेक्षा जास्त अण्णाची वाटायची. फरक एवढाच, की शेवटच्या अक्षराचं शेपूट अण्णा सरळ खाली सोडायचा आणि ती ते डावीकडे वळवून त्याला बारीकशी गाठ मारायची. "उद्या भांडण झालं तर कळायला हवं ना, कुठली कुणाची."

ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, तोही मंगळवारच होता. अण्णा चौदा नंबरजवळ पोचत होता तेवढ्यात मेहुण्याने त्याला अडवलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले तेव्हा तिनेच त्याला वाढवलं, थंडीत कान झाकायला लावून, सायकलवर मागे बसवून शाळेत सोडलं, शिकवून मोठा केला. टर्मिनलमध्ये तो आता नियमपालन अधिकारी होता. परवाने, सर्टिफिकेटं, तपासण्या, सगळं त्याच्या हातात.

"भाऊजी, चौदा आज राहू द्या," तो म्हणाला. "जहाज लागतंय, तिथे गर्दी आहे. मी बघतो नंतर."

अण्णाने वॉकीवर सांगितलं, "चौदा राहिलं. बाबू बघतो म्हणतोय."

टकटक. "बाबू बघतोय ना? मग झालं," ती म्हणाली.

बाबूने पाहिलं नाही. चौदा नंबर चार दिवस उगाचच कोकलत होतं. जहाज रिकामं होत असताना सायरन वाजला तर सगळं काम थांबवावं लागतं. म्हणून त्याने आदल्या दिवशीच त्याची चावी फिरवून ठेवली होती. चावी फिरवली की नाक मुकं होतं. फिरवली तर वहीत लिहायचं असतं, पॅनेलला कळवायचं असतं. त्याने दोन्ही केलं नाही. हे अण्णाला फार उशिरा कळलं, तेही एकाकडून अर्धं, दुसऱ्याकडून अर्धं. कागदावर कुणीच दिलं नाही.

चौदा नंबर एका खड्ड्याच्या काठावर आहे. मोठ्या पाइपांखाली, विहिरीएवढा सिमेंटचा खड्डा. काही सांडलंच तर ते वाहत येऊन एका जागी जमावं म्हणून बांधलेला. बुधवारी दुपारी बायकोला कॅमेऱ्यात त्या खड्ड्यावर पांढुरकं काहीतरी दिसलं. गार पाइपांभोवती असं धुकं रोजच धरतं. दिवा लागलेला नव्हता. बाहेरच्या कामावरचा माणूस जहाजापाशी अडकलेला. ती स्वतःच बघायला गेली आणि खड्ड्यावर वाकली. तिथे श्वासात घेण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

तीन महिन्यांनी अहवाल आला. बारा पानांच्या अहवालात तिच्याबद्दल एकच वाक्य होतं: पॅनेलवरील कर्मचारी गॅसमापक जवळ न बाळगता व परवानगी न घेता धोक्याच्या जागी गेल्या. यंत्रं तपासलेली होती, नोंदी बरोबर होत्या, चूक तिची होती. खाली चौघांच्या सह्या होत्या. त्यातली तिसरी मेहुण्याची.

अण्णाने ते वाक्य वाचलं, अहवाल मिटला आणि जुनं रजिस्टर आपल्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवलं. कारण त्यात चौदा नंबरची एक ओळ होती, त्या मंगळवारची. तिचे दोन्ही रकाने कोरे होते.

आता वार्षिक सर्टिफिकेटसाठी बाहेरचा तपासनीस येणार होता. शुक्रवारी. त्याच्या आधीच्या सोमवारी मेहुणा अण्णाच्या खोलीत आला. हातात चहाचे दोन कप.

"भाऊजी, बिनसाखरेचा आणलाय."

"ठेव."

मेहुण्याने कप ठेवला. खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"तपासनीस मूळ रजिस्टर मागणार. झेरॉक्स चालत नाही त्याला."

"माहीत आहे."

"पानं शिवलेली, नंबर घातलेले, वर त्यांचाच शिक्का. बदलताही येत नाहीत."

"म्हणजे विचार करून झालाय तुझा."

मेहुणा ओशाळं हसला. मग एकदम म्हणाला, "ती एक ओळ कोरी आहे. तुमच्या रकान्यात तुम्ही सही करा. ताईची मी करतो."

अण्णाने कप उचलला होता तो परत ठेवला. "काय म्हणालास?"

"सर्टिफिकेट अडलं तर टर्मिनल बंद होईल, भाऊजी. साडेतीनशे माणसं घरी बसतील."

"आणि तू?"

"मी आत जाईन." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "ताई परत येणार आहे का त्याने?"

"तिच्या नावावर खापर फोडलंस तू. सख्ख्या बहिणीच्या."

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? मी जिवंत आहे. घरी दोन पोरी आहेत." त्याचा आवाज चिरकला. "ताई असती ना, तर माझ्यासाठी तिने डोळे मिटून सही केली असती."

"तिने? एकोणीस वर्षांत दिवा पाहिल्याशिवाय पेन उचललं नाही तिने."

"तुम्ही तिचे नवरे होतात," मेहुणा हळू म्हणाला. "मला तिने वाढवलंय."

तो गेला. त्याचा चहा तसाच राहिला. अण्णाने दोन्ही कप बेसिनमध्ये ओतले. त्याचं ठरलेलं होतं. शुक्रवारी तपासनिसापुढे तो तेच पान उघडणार होता आणि त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवणार होता. तिच्या बाजूने बोलणारं जगात तेवढंच उरलं होतं, दोन कोरे रकाने.

मंगळवारी तो नेहमीसारखा फेरीला निघाला. पॅनेलवर आता पोपट म्हणून एकजण होता. नाव त्याला शोभायचं.

"तेरा."

"लागला, लागला. एकदम टवटवीत. अण्णा, तुम्ही नाश्ता केलात का? आवाज बसलाय तुमचा."

"काढतो."

"विझला. काहीतरी खात चला हो."

अण्णा खड्ड्याकडे वळला. अकरा दिवसांत जहाज आलेलं नव्हतं. पाइप रिकामे होते, उन्हाने तापलेले. अपघातानंतर चौदा नंबरला नवं कोरं यंत्र बसवलं होतं. कप अजून त्याच्या कमरेलाच लटकत होता, तेवढ्यात वॉकीत आवाज आला.

टकटक.

तो थांबला.

"लागला," पोपट म्हणाला. "आज भलतीच घाई दिसतेय."

"मी अजून कप लावलेला नाही."

"मग काय मी फुंकर मारून लावला? दिवा आहे समोर."

"तू माइकवर पेन आपटलंस का?"

"पेन? अहो, सहीपुरतं पेनसुद्धा मी तुमचंच घेतो."

अण्णाने कप हातात घेतला. रबर लाकडासारखं कडक झालं होतं आणि त्याच्या कडेला बर्फाची पांढरी किनार धरली होती. डोक्यावर ऊन होतं. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली होती.

"काढतो," तो म्हणाला. काढण्यासारखं काही नव्हतं.

"विझला."

अण्णा भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. खोलीवर येऊन त्याने वॉकीची बॅटरी बदलली. हातात धरायचा गॅसमापक घेऊन खड्ड्याची चारही बाजूंनी तपासणी केली. काटा शून्यावर. पाइपाचं तापमान घेतलं. ते हवेइतकंच. यंत्र उघडून तारा पाहिल्या, परत लावल्या. दोष कुठेच नव्हता. त्याने वहीत तसं लिहिलं, वेळ टाकली, सही केली. शेपूट सरळ खाली.

पण बुधवारी तो काही काम नसताना खड्ड्यापाशी दोनदा गेला आणि गुरुवारी तीनदा.

दर वेळी वॉकी कानाशी धरून उभा राहिला. गुरुवारी दुपारी आजूबाजूला कुणी नाहीसं पाहून त्याने बटण दाबलं.

"आहेस का?"

बटण सोडलं. नुसती खरखर.

"मी सही करणार नाहीये," तो म्हणाला. "तू काळजी करू नकोस."

खरखर. मग तीही थांबली. समोरच्याने हात ठेवून माइक झाकावा, तशी वॉकी शांत झाली. वर्षभर घरात त्याने दोन ताटं काढून एक परत ठेवलं होतं. एवढ्या दिवसांत त्याला पहिल्यांदा असं वाटलं, की पलीकडे कुणीतरी ऐकतंय.

निघण्याआधी त्याने खण उघडला. रजिस्टरचा पुठ्ठा ओलसर होता आणि लोखंडी पत्र्यासारखा गार. त्याने रुमालाने पुसला. पान उघडून पाहिलं. दोन्ही रकाने कोरे. परत पाहिलं. मग कुलूप लावून किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली आणि घरीही तोच शर्ट घालून झोपला.

शुक्रवारी तपासनीस बरोबर अकराला आला. बुटका, वयस्क माणूस. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. चहा नको म्हणाला. कंट्रोल रूममध्ये पोपट पॅनेलवर, मेहुणा इस्त्रीच्या शर्टात आणि अण्णा रजिस्टर काखेत घेऊन उभा.

"रजिस्टर," अण्णा पुढे झाला.

"थांबा. आधी यंत्र, मग कागद." तपासनिसाने नकाशावर बोट फिरवलं. "इथेच ना त्या बाई गेल्या? चौदा नंबर. हेच करून दाखवा."

अण्णाने बाटलीकडे हात नेला.

"तुम्ही नको. रोज करणारा माणूस बरोबरच करतो." तो मेहुण्याकडे वळला. "अधिकारी साहेब, तुम्ही करा."

मेहुण्याचा चेहरा उतरला. पण त्याने बाटली उचलली. पट्टा उलटा अडकवला आणि गेला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो दिसायला लागला. खड्ड्याच्या काठी, एवढासा. आजूबाजूला रखरखीत ऊन. तो काठापासून हातभर मागेच थांबला.

"चौदा," वॉकीतून त्याचा आवाज आला.

टकटक.

पोपटचे दोन्ही हात मांडीवर होते.

"कान झाक, बाबू," वॉकीतून आवाज आला. "गार आहे."

पडद्यावर मेहुण्याने दोन्ही हात वर नेले आणि कानांवर ठेवले. बाटली पट्ट्याला लोंबकळत राहिली. कप नुसताच खाली लटकत होता.

पॅनेलवर चौदाचा दिवा लागला.

तपासनीस खाली मान घालून लिहीत होता. "पॅनेलवर बाईपण असतात का?"

"नाहीत साहेब," पोपट म्हणाला. त्याचा आवाज त्याच्यासारखा नव्हता.

अण्णाने माइक ओढला. "अगं... मी इथे आहे. मी. ऐकतेस ना?"

खरखरसुद्धा नाही.

तिला आवाज होता. बोलता येत होतं तिला. पूर्ण वर्ष बोलता येत होतं.

मेहुणा परत आला. कानांच्या वरचे केस पांढरे झालेले, आणि ते पांढरं विरघळून पाणी कॉलरमध्ये उतरत होतं. बाहेर अंगाची लाही होत होती. लहान मुलं रडून झाल्यावर हुंदके आवरतात, तसा तो श्वास घेत होता.

अण्णाच्या जवळून जाताना तो पुटपुटला, "भाऊजी, ताई रागावलेली नाही."

"कुणावर?"

तो कॉलरमधलं पाणी पुसत पुढे गेला.

"दिवा अजून लागलेलाच आहे," तपासनीस म्हणाला. "कप काढलात ना?"

"लावलाच नव्हता," पोपट म्हणाला, पण इतकं हळू, की ते अण्णालाच ऐकू गेलं.

"बघू नंतर. रजिस्टर आणा."

अण्णाने रजिस्टर टेबलावर ठेवलं. सकाळपासून ते त्याच्या काखेतून हललं नव्हतं. पान त्याने स्वतः उघडलं. ओळीवर बोट ठेवायला त्याने हात पुढे केला.

ओळ कोरी नव्हती.

उजव्या रकान्यात तिची सही होती. डाव्या रकान्यात त्याची. शेवटच्या अक्षराचं शेपूट डावीकडे वळलेलं आणि त्याला बारीकशी गाठ.

"मंगळवार, चौदा नंबर, दोन सह्या," तपासनीस म्हणाला. "ठीक आहे."

"ही सही माझी नाही."

तपासनिसाने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग कुणाची?"

तिची म्हटलं, तर खोट्या सह्या करणारी बाई म्हणून तिचं नाव पुन्हा कागदावर जाणार. आपली म्हटलं, तर अहवाल खरा, यंत्र ठीक, चूक तिची. कुठूनही गेलं तरी बाबू सुटत होता. तिने सगळा विचार केला होता. फॉर्म भरताना करायची तसाच.

आणि दिवा न पाहता तिने सही केली होती.

"माझी नाही, एवढंच सांगतो," अण्णा म्हणाला. "त्या दिवशी चौदा नंबर तपासलाच नव्हता. लिहून घ्या."

मेहुणा भिंतीला टेकला.

"हे गंभीर आहे," तपासनीस म्हणाला. त्याने बॅगेतून कोरा कागद काढला. "असं असेल तर आमची पद्धत आहे. नमुन्याच्या तीन सह्या करा. माझ्यासमोर."

अण्णाला हायसं वाटलं. एकोणीस वर्षं त्याने शेपूट सरळ खाली सोडलं होतं. आंधळ्यालाही फरक कळला असता. त्याने पेन घेतलं.

पहिली सही केली. शेपूट सरळ खाली आलं आणि पेन उचलायच्या आत ते डावीकडे वळलं. गाठ पडली.

त्याने कागदाकडे पाहिलं. दुसरी सही करताना डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. मनगट बर्फासारखं गार होतं. त्याचं त्यालाच ते परकं वाटलं.

डावीकडे. गाठ.

तिसरी त्याने डोळे मिटून केली.

तपासनिसाने तो कागद रजिस्टरशेजारी धरला. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढला आणि रागावण्याऐवजी समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमचीच आहे. अशा वेळी माणूस विसरतो. होतं असं."

अण्णाची नखं निळी पडली होती. पेन खाली ठेवायला त्याने बोटं सैल केली, पण ती सुटेनात. सगळे त्याच्याकडे बघत असताना त्याच्या हाताने पेन उचललं आणि टेबलावर दोनदा आपटलं.

टकटक.

"विझला," पोपट म्हणाला.